शेवगांवकडील जळण, दिवाबत्ती व वाहन

मराठी दप्तरांचा अभ्यास आतांपर्यंत मुख्यत्वेंकरून तह, स्वाऱ्या व वतनांचे कज्जे यांच्या अंगानें झाला. तें स्वाभाविकहि होतें. परंतु ज्या रुमालांतून संशोधकांनीं तहनामे व महजर वेंचून काढले, त्याच रुमालांत घरखर्चाच्या कीर्दी, कोठीच्या फर्दा व नेमणुकीच्या याद्या यांचे थरचे थर पडलेले असतात. आणि त्यांत तेल, सरपण, चंदी, वैरण, भोई, दिवट्या हीं कलमें पानोपानीं येतात. वाचणारा सहसा तीं चाळून पुढें जातो. आमच्या मतें एखाद्या घराण्याची ऐपत त्याच्या मोइनेच्या आंकड्यापेक्षां या कलमांवरून अधिक नेमकी कळते. घरीं किती जळत होतें आणि वाटेवर त्या घरचा माणूस कोणाच्या पायांनीं चालत होता, या दोन गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे जुन्या समाजाची उतरंड स्पष्ट दिसूं लागते. त्या उतरंडीचा विचार प्रस्तुत लेखांत शेवगांव व त्याच्या आसपासचा मुलूख समोर ठेवून आम्ही करीत आहों.

हाच मुलूख निवडण्यास कारण आहे. अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) पश्चिमेस अकोल्याकडे सह्याद्रीचें रान आहे. पूर्वेस शेवगांवाकडे तसें कांहीं नाहीं. उत्तरेस गोदावरी, तिच्या पलीकडे पैठण. दक्षिणेस पाथर्डीकडील उघडेबोडके डोंगर. मधल्या काळीच्या पट्ट्यांत बाजरी, ज्वारी, तूर, कपाशी. पाथर्डीकडील बराच भाग पूर्वीं शेवगांव तालुक्यांतच मोडत असे. पाऊस बेताचा, म्हणून झाडहि बेताचें. बाभूळ, हिवर, बोर, निंब हींच काय तीं लांकडें. आणि त्यांतहि बाभळीचें खोड चुलीच्या वांट्यास येत नाहीं. नांगर, पाभर, गाडीचें चाक हें सारें बाभळीचें. खोड सुताराच्या नेहावर जावयाचें आणि फांट्या तेवढ्या जळणास. अशा मुलखांत जळणाची प्रत हीच घराची प्रत ठरते. वाड्यांत फोडलेलें लांकूड. बऱ्या कुणब्याच्या घरीं तुराट्या, पऱ्हाट्या व जोडीस गोवऱ्या. त्याखालच्या घरीं नुसतें शेण. आणि ज्याच्या दावणीस जनावरच नाहीं त्यास गोवरीहि घरची नाहीं. त्याच्या घरच्या बायका-पोरांनीं रस्त्यावरचें शेण वेंचावें, दुसऱ्याच्या रानांतले बाजरीचे सड उपटून आणावे आणि त्यावर भाकरी भाजावी.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. शेण हें जळणहि आहे आणि खतहि आहे. ज्याच्याजवळ लांकूड आहे तो शेण उकिरड्यावर टाकतो व पुढील सालीं तें रानांत पसरतो. ज्याच्याजवळ लांकूड नाहीं त्याचें खत चुलींत जातें आणि रान उपाशी राहतें. कडब्याचीहि तीच गत. दुष्काळांत कडबा जनावरास घालावा कीं विकावा, हा प्रश्न लहान कुणब्यापुढें येतो. जाळण्याची तर गोष्टच बोलूं नये. गोवरीचा धूर बाईच्या डोळ्यांत जातो एवढेंच आपण जाणतों. तो पुढील पिकाचाहि धूर असतो, हें कीर्दींत कोणी लिहून ठेवलेलें नाहीं.

आतां दिवाबत्ती. घासलेट येण्यापूर्वीं या भागांत दिवा जळे तो करडईच्या, तिळाच्या अथवा एरंडीच्या तेलावर. त्यांपैकीं करडई व तीळ हें खाण्याचेंहि तेल. म्हणजे पणतींत जें घालावयाचें तेंच फोडणीस घालावयाचें. ज्या घरीं भाजीस तेल मोजून, त्या घरीं दिवेलागणीची वेळ म्हणजे जेवणें उरकून निजण्याचीच वेळ. एरंडेल खाण्यांत नसल्यामुळें दिव्यास सोईचें. शेवगांव तालुक्यांत एरंडगांव नांवाचें गांव आहे. नांवावरून गांवच्या जुन्या पिकाचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, परंतु ग्रामनामांच्या व्युत्पत्तीनें पुष्कळ शहाण्यांस खड्ड्यांत घातलें आहे, सबब आम्ही तो मोह आवरतों.

दिव्याच्या तेलाविषयीं लेखी पुरावा विपुल आहे. पण तो देवाच्या दिव्याचा. नंदादीपाकरितां जमिनी दिल्याच्या सनदा कोणाहि संग्राहकाच्या पेटींत सांपडतील. याची परंपरा यादवकाळाइतकी जुनी आहे. खानदेशांतील चाळीसगांवजवळच्या पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख सर्वांच्या परिचयाचा आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें स्थापिलेल्या मठास जीं दानें मिळालीं त्यांत, जितके घाणे चालत असतील तितक्यांतून दर घाण्यामागें पळीभर तेल मठास द्यावें, अशी व्यवस्था त्या लेखाच्या मराठी भागांत आहे. ज्या तेल्याच्या घाण्यांतून ती पळी निघाली त्याच्या स्वतःच्या घरीं दिवा किती वेळ जळे, याविषयीं दगड मुका आहे. पुढें शके १२१२ मध्यें शेवगांवाच्या शेजारीं नेवासें येथें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तींत दीपाचे दृष्टांत जागोजाग आहेत. ज्या श्रोत्यांस दिवा ही रोजची पण मोलाची वस्तु होती त्यांस ते दृष्टांत कसे भिडले असतील, याचा विचार विजेच्या दिव्याखालीं वाचणारानें अवश्य करावा.

इनामपत्रांतील एक ठरीव वाक्प्रचार आमच्या विषयाच्या अगदीं गाभ्याशीं आहे. गांव इनाम देतांना तो जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसह दिला, असें लिहिण्याचा प्रघात सर्वांस पाठ आहे. निधि-निक्षेपावर, म्हणजे जमिनींत पुरलेल्या द्रव्यावर, टीकाकारांचें लक्ष फार. पण पुरलेलें द्रव्य शंभर गांवांत एकाद्यास सांपडावयाचें. तरु, तृण व काष्ठ हे तीन शब्द मात्र रोजच्या रोज लागू पडणारे. झाड, गवत व लांकूड यांचा धनी एकदां कागदावर ठरला म्हणजे गांवांतील प्रत्येक चूल व प्रत्येक दावण त्याच्या मर्जीखालीं आली. कोणी म्हणेल कीं, त्याच सनदेंत ‘हक्कदार खेरीज करून’ असें कलम असतें, तेव्हां जुन्या हक्कांस बाध येत नसे. हें खरें, परंतु हक्कदार म्हणजे पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे. ओढ्याकांठीं काटक्या वेंचणाऱ्या बाईचा हक्क कोणत्या महजरांत नोंदला आहे? तिची वहिवाट होती, हक्क नव्हता. आणि वहिवाटीस सनद नसते.

राज्यकर्त्यांस हा अन्याय दिसत नव्हता असें नाहीं. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनीं चिपळूणच्या छावणीच्या जुमलेदारांस लिहिलेलें पत्र सुप्रसिद्ध आहे. त्याचा गौरव रयतेच्या कळवळ्याबद्दल होतो, तो यथार्थच आहे. पण तें पत्र जळण व दिवा यांच्या दृष्टीनें पुन्हा वाचण्यासारखें आहे. दाणा-वैरण आरंभींच उधळून टाकली तर पावसाळ्यांत कांहीं मिळणार नाहीं आणि मग शिपाई कुणब्याच्या घरून दाणे, भाकर, गवत, फांटे, भाजीपाला उचलूं लागतील, ही त्यांतील भीति. लष्कराची चूल पेटते ती कुणब्याच्या चुलींतील लांकूड ओढून, हें इतक्या स्पष्टपणें सांगणारा कागद दुसरा क्वचितच असेल. त्याच पत्रांत जळती वात उंदीर घेऊन जाईल व गवताच्या गंजींस आग लागेल, म्हणून दिवा विझविण्याची ताकीद आहे. एका बाजूस तेल जाळण्याची चैन व दुसऱ्या बाजूस फांट्यांची लूट, या दोन्ही गोष्टी एकाच पत्रांत आल्या, हा योगायोग आम्हांस वाटत नाहीं. आज्ञापत्रांतहि आरमाराच्या लांकडाचें प्रकरण असेंच आहे. रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं आंबा, फणस इत्यादि झाडें बळानें तोडूं नयेत, लागल्यास धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावीं, असा त्याचा आशय. ज्या अर्थीं ताकीद आहे, त्या अर्थीं तसें घडत होतें, हा दप्तरवाचनाचा साधा नियम येथें लावावा.

घराकडून आतां रस्त्याकडे वळूं. शिवकालीन अठरा कारखाने व बारा महाल यांची प्रचलित यादी पाहिली तर महालांत पालखी, वहिली म्हणजे रथ-गाड्या, पागा व थट्टी हे चार महाल वाहनाचे व जनावरांचे आहेत. कारखान्यांत पीलखाना व उष्टरखाना आहेत. म्हणजे थोरांचें हिंडणें-फिरणें हा राज्यकारभाराचा एक मोठा भाग होता. पेशवाईंत पालखीचा मान ही मोठी पदवी. ती नुसती शोभेची नसे. तिच्यासोबत भोयांच्या खर्चाची नेमणूक जोडलेली असे, आणि अबदागिरीचेंहि तसेंच. एक गृहस्थ पालखींतून निघाला म्हणजे आळीपाळीनें खांदा देण्यास आठ ते बारा भोई, पुढें दिवट्या, मागें सामानाचीं जनावरें. गृहस्थ दिवसभर बसून असे. त्याची मजल भोयांच्या पोटांतील भाकरीवर चाले. घोडा असेल तर त्यास चंदी हरभऱ्याची. गरीब घरांत जो हरभरा सणावारीं पुरणास मिळे, तो तबेल्यांत रोज भिजत पडलेला असे. ‘घरचें झालें थोडें आणि व्याह्यानें धाडलें घोडें’ ही म्हण आपण विनोदानें वापरतों. तिच्यांतील घोडें हें खरोखरीचें घोडें आहे, आणि त्याची चंदी-वैरण ही एका घराची कंबर मोडण्यास पुरेशी होती, हें कीर्द वाचल्याशिवाय कळत नाहीं. रात्रीच्या मजलेंत मशालीस लागणारें तेल गरिबाच्या पणतीस किती दिवस पुरलें असतें, हा हिशेब कोणीतरी कीर्दींवरून मांडावा अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे.

या मुलखाचें नांव इतिहासांत ज्या प्रसंगानें राहिलें तोहि एका अर्थानें वाहनाचाच प्रसंग आहे. फेब्रुवारी १७२८ मध्यें पालखेड येथें पहिल्या बाजीरावानें निजामास कोंडलें, आणि ६ मार्च १७२८ रोजीं मुंगी-शेवगांव येथें तह झाला. कांहीं पुस्तकांत हें नांव ‘मुंगी-शेगांव’ असें छापलें जातें, त्यामुळें वाचकाची दृष्टि वऱ्हाडांतील शेगांवाकडे जाते. वास्तविक मुंगी हें पैठणच्या खालच्या अंगास गोदेच्या दक्षिण तीरावरील, शेवगांव तालुक्यांतील गांव. निजामाचें लष्कर जड तोफा व बुणगे यांनीं भारावलेलें. बाजीरावाचे स्वार सडे. पाठलागाच्या नादांत निजामास तोफखाना मागें ठेवावा लागला, रसद तुटली, पाणी मिळेना, आणि तो तहास आला. येथवर सर्वत्र लिहिलेलें आहे. आम्हांस पुसावयाचें तें इतकेंच, कीं सडा स्वार सडा कशामुळें राहूं शकतो? त्याच्या घोड्याची वैरण तो बरोबर नेत नाहीं म्हणून. फेब्रुवारी हा रब्बी ज्वारीच्या काढणीचा काळ. कडबा रानांत उभा किंवा नुकता कापलेला. चपळ सैन्याचें ओझें अशा प्रकारें वाटेवरच्या गांवांच्या पाठीवर असतें. जड लष्कर आपली चूल बरोबर वाहतें, हलकें लष्कर दुसऱ्याची वापरतें. गोदाकांठच्या कुणब्यास दोन्ही सारखींच.

शांततेच्या काळांत हें ओझें वेठबेगारीच्या रूपानें राहिलें, आणि तें सर्वांत अधिक महारांच्या वांट्यास आलें. सरकारी माणूस गांवीं आला कीं त्याच्या घोड्यास गवत, चुलीस सरपण, पुढच्या गांवापर्यंत ओझें नेण्यास माणूस आणि अंधार पडल्यास वाट दाखविणें, हीं सारीं वतनाचीं कामें समजलीं जात. लांकूड फोडून देणाऱ्याच्या स्वतःच्या घरीं लांकूड नसे, हें निराळें सांगावयास नको. १८१८ मध्यें इंग्रजी अंमल बसून पॉटिंजर हा नगरचा पहिला कलेक्टर झाला. परंतु फिरतीवरील अंमलदाराची सरबराई जुन्याच रीतीनें चालू राहिली, फक्त पालखीच्या जागीं तंबू व वेठीस धरलेल्या गाड्या आल्या. याचें तपशीलवार चित्र त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ (१९१५) या ग्रंथांत आहे. आत्रे स्वतः महसूल खात्यांत काम केलेले, त्यामुळें त्यांचें लिहिणें ऐकीव नव्हे. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ मध्यें मुंबई कायदे कौन्सिलांत १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचें बिल मांडलें तें याच राबणुकीवर बोट ठेवून. कनिष्ठ गांवकी वतनें रद्द करणारा कायदा मात्र १९५८ सालीं झाला.

सरपणाच्या बाबतींत इंग्रजी अंमलानें एक नवी अडचण आणली. १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव रान ठरलें, आणि जी वहिवाट होती तिचा गुन्हा झाला. जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मध्यें लिहिलेल्या ग्रंथांत जंगल खात्याविरुद्ध जी तक्रार केली आहे, ती गवत, गुरें व लांकूड यांचीच आहे. त्याच १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग नगरावरून सुरू झाला. शेवगांव त्याच्या पूर्वेस दूर राहिलें. लदणीचे बैल हांकणाऱ्या वंजारी-लमाणांचा धंदा लोहमार्गानें व पक्क्या सडकांनीं बुडाला, पण शेवगांवकरास रेल्वे मिळाली नाहीं. त्याची गाठ पुढेंहि बैलगाडीशींच.

घासलेटानें रात्रीचें रूप बदललें. या तेलास मराठींत दोन नांवें आहेत, आणि दोन्ही इंग्रजींतून आलेलीं: घासलेट हें ‘गॅसलाइट’वरून व रॉकेल हें ‘रॉक ऑइल’वरून. तेलाचा दिवा व फोडणी यांचा झगडा त्यामुळें मिटला, आणि गरिबाच्या घरींहि पत्र्याची चिमणी आली. वाड्यांत कांचेचा कंदील आला, म्हणजे अंतर राहिलेंच. पुढें १९४२ मध्यें ब्रह्मदेश पडला व तेथील तेल बंद झालें, तेव्हां घासलेटाची टंचाई खेड्यापाड्यांत पोहोंचली. त्याच युद्धकाळांत पेट्रोल नियंत्रित झाल्यामुळें मोटारी कोळशाच्या गॅसवर चालूं लागल्या. तो कोळसा लांकडाचा. म्हणजे मोटारीच्या उतारूसाठीं रानांतलें झाड जळत होतें, आणि चिमणीस तेल नव्हतें. सरकारी एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं नगर-पुणें रस्त्यावर निघाली. ज्या जिल्ह्यांत भोई, वेठीची गाडी व कोळशाची मोटार हीं तिन्ही होऊन गेलीं, तेथूनच तिकीट काढणाऱ्या कोणासहि बाकावर बसवून नेणारी गाडी निघावी, याची नोंद केवळ वाहतुकीच्या इतिहासांत ठेवणें आम्हांस अपुरें वाटतें.

स्वातंत्र्योत्तर काळ आमच्या अभ्यासाचा विषय नव्हे, म्हणून दोनच गोष्टींचा उल्लेख करतों. पैठणच्या जायकवाडी धरणाचें उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं झालें. त्याच्या जलाशयाखालीं शेवगांव-नेवासें बाजूचींहि गांवें गेलीं, आणि धरणाच्या पायथ्याशीं बारा मेगावॅटचें वीजघर आहे. दुसरी गोष्ट ऊसतोडीची. शेवगांव, पाथर्डी व शेजारचा बीड जिल्हा येथून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेंच्या कुटुंबें कोयते घेऊन कारखान्यांच्या रानीं जातात, आणि चार-सहा महिने कोपीमध्यें राहतात. घर व वाट यांतील भेद तेथें उरत नाहीं. चूल म्हणजे तीन दगड, जळण म्हणजे पाचट व बांधावरच्या काटक्या. तोडलेल्या उसाच्या चोयट्यांवर अनेक कारखाने वीज निर्माण करून विकतात. २०११ च्या खानेसुमारीच्या घरयादींत दिव्याचें साधन, चुलीचें जळण व घरचें वाहन हीं तिन्ही कलमें एकाच कागदावर विचारलीं गेलीं. कोठीच्या जुन्या फर्देशीं या कागदाचें नातें आहे, हें फर्द पाहिलेल्यास सांगावें लागणार नाहीं.

शेवटीं संग्राहकांस विनंती. जुनीं दप्तरें न्हाणीच्या चुलींत पाणी तापविण्यास गेल्याच्या हकीगती आपणां सर्वांस माहीत आहेत. आणि त्यांत आधीं जातात त्या शिक्का नसलेल्या, तह नसलेल्या, किरकोळ खर्चाच्या फर्दा. शेवगांव, नेवासें, पैठण या बाजूच्या रुमालांत अशा फर्दा आढळल्यास त्या वेगळ्या न काढतां मूळ क्रमानेंच ठेवाव्यात, कारण सरपणाचें कलम त्याच दिवसाच्या पाहुण्याच्या कलमाशेजारीं वाचलें तरच अर्थ देतें. तेलाचें माप शेर, पावशेर, नवटांक यांत असतें व तें बहुधा लागतें. सरपण मात्र मोळी, भारा किंवा गाडी असें लिहिलेलें असतें. मोळीचें वजन गांवोगांव निराळें, आणि डोक्यावरची मोळी व बैलावरचा भारा यांत फरक आहे. तेव्हां नक्कल करतांना त्याचें मणांत रूपांतर करूं नये. जो शब्द असेल तोच, मोडणीसह, लिहून घ्यावा.